लॉकडेप: नेटवर्क ड्रायव्हरमधले डेडलॉक पकडणाऱ्या साधनाचं परीक्षण

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नेटवर्कची उपकरणं आणि त्यांचं सॉफ्टवेअर यांवर काम करणारे इंजिनिअर असोत, की फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बसून पहिल्यांदाच कर्नेलमध्ये हात घालणारी मुलं असोत, त्यांना एकच साधन आधी शिकायला सांगायचं तर आम्ही लॉकडेपचं नाव घेऊ. लिनक्स कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आतच असलेला हा लॉकचा तपासनीस इंगो मोल्नार यांनी लिहिला आणि २००६ साली २.६.१८ या आवृत्तीत तो कर्नेलमध्ये आला. वेगळं काही डाउनलोड करायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. किंमत मोजावी लागते ती सीपीयू आणि मेमरीत, आणि नेटवर्कच्या भारी ट्रॅफिकखाली ती चांगलीच जाणवते. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: डेव्हलपमेंटच्या कर्नेलमध्ये लॉकडेप रोज, कायम चालू हवं, ग्राहकाकडे जाणाऱ्या उपकरणात ते नको.

याचं मोठेपण एकाच गोष्टीत आहे. लॉक म्हणजे एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप, आणि डेडलॉक म्हणजे एकमेकांची वाट पाहत कायमचं अडकणं; ते घडायची हे साधन वाट पाहत नाही. सकाळी एका वाटेनं आधी अ आणि मग ब हा लॉक घेतला गेला, संध्याकाळी दुसऱ्या वाटेनं आधी ब आणि मग अ घेतला गेला, तर मशीन न अडकताच ते तक्रार छापतं. नेटवर्किंगच्या कोडमध्ये याचं मोल फार आहे, कारण तिथे एकाच डेटाला चार दिशांनी हात लागतात: ‘आयपी’ किंवा ‘ईथटूल’ कमांडवरून प्रोसेसच्या संदर्भात, नॅपीच्या (पॅकेट गठ्ठ्यानं उचलणाऱ्या यंत्रणेच्या) पोलमधून सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतर लगेच चालणाऱ्या कामात), कार्डाच्या इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या तातडीच्या हाकेतून), आणि वर टायमर व वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग) असतातच. अशा उलट क्रमानं दोन सीपीयू नेमक्या त्या काही मायक्रोसेकंदांत समोरासमोर आले तरच गाडी अडते. टेबलावरच्या चाचणीत असा योग महिनोन्‌महिने येत नाही, आणि ग्राहकाकडे उपकरण लागलं की येतो.

मांडणी

कर्नेलच्या कॉन्फिगमध्ये ‘प्रूव्ह लॉकिंग’ चालू केलं की लॉकडेप आपोआप येतं. त्याच्या जोडीला ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ (झोपायला, म्हणजे थांबून राहायला, मनाई असताना झोपणं पकडणारा) आणि ‘डिटेक्ट हंग टास्क’ (फार वेळ अडकलेली प्रोसेस सांगणारा) घ्या. आरसीयूची (लॉक न घेता वाचू देणाऱ्या पद्धतीची) तपासणी प्रूव्ह लॉकिंगबरोबरच चालू होते. एकेक पर्याय शोधत बसायचं नसेल तर सोर्समधल्या ‘कर्नेल/कॉन्फिग्ज’ फोल्डरात डीबग.कॉन्फिग नावाची तयार फाइल आहे, ती आपल्या कॉन्फिगवर चढवा. केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) हाही त्यातूनच येतो, त्यामुळे बिल्ड जड होतं. लॅपटॉपवर मेमरी बेताची असेल तर तो बंद करा, लॉकडेप बंद करू नका.

चालवायला खरं हार्डवेअर लागतंच असं नाही. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनवर व्हर्टमी-एनजी हे साधन वापरलं की आत्ताच बिल्ड केलेलं कर्नेल काही सेकंदांत उभं राहतं, आणि तुमचीच फाइलसिस्टिम आत दिसते. किमान दोन, शक्यतो चार व्हर्च्युअल सीपीयू द्या. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे लांबलचक बिल्डसाठी सी-कॅश (कम्पाइल झालेलं साठवून ठेवणारं साधन) लावून ठेवणं शहाणपणाचं. अर्ध्यावर तुटलेलं बिल्ड पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करा: लॉग सीरियल कन्सोलवर घ्या, नेटकन्सोलवर अवलंबून राहू नका. नेटकन्सोल ज्या ड्रायव्हरमधून ओळी पाठवतो त्याच ड्रायव्हरचा लॉक अडकलेला असेल, तर रिपोर्ट तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. शिवाय नेटकन्सोलखालचा नेटपोल पॅकेट पाठवताना इंटरप्ट बंद ठेवतो. ड्रायव्हरच्या पाठवणीच्या फंक्शनमध्ये ‘स्पिन_अनलॉक_बीएच’ (सॉफ्टआयआरक्यू पुन्हा चालू करणारा अनलॉक) असेल तर तिथे एक वेगळीच वॉर्निंग उठते आणि मूळ शोध बाजूला राहतो.

लॉकडेप फक्त चाललेली वाट पाहतं. त्यामुळे नुसतं बूट करून, पिंग मारून ‘काही आलं नाही’ म्हणण्याला अर्थ नाही. दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगवेगळी नेटवर्क) करा, व्हीईथची (आभासी इंटरफेसांची) जोडी किंवा आपला ड्रायव्हर मध्ये घाला, आयपर्फ३ चालू ठेवा आणि ट्रॅफिक वाहत असतानाच दुसऱ्या टर्मिनलवर इंटरफेस खाली-वर करा, एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) बदला, मल्टिकास्ट पत्ते जोडा आणि काढा, ईथटूलनं आकडेवारी वाचा, रिंगची लांबी आणि क्यूंची संख्या बदला, शेवटी मॉड्यूल काढून परत घाला. चुकांच्या वाटाही चालवा: टीएक्स टाइमआउट (पाठवणी अडकणं), रीसेट, मेमरी न मिळणं. आमच्या पाहण्यात लॉकच्या चुका सर्वांत जास्त याच वाटांवर असतात, कारण एरवी तिथे कोणी फिरकत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

नवख्याला रिपोर्ट पाहून घाम फुटतो. शंभरेक ओळी असतात, पण कामाच्या पाच-सहा. एक नमुना घेऊ. ड्रायव्हरनं आकडेवारीसाठी ‘स्टॅट्स_लॉक’ नावाचा स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता फिरत राहायला लावणारा लॉक) ठेवला आहे. ईथटूलच्या फंक्शनमध्ये तो साध्या ‘स्पिन_लॉक’नं घेतला आहे, आणि नॅपीच्या पोलमध्येही. मथळा येतो ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’, आणि त्याखालची ओळ सांगते की आधी हा लॉक सॉफ्टआयआरक्यू चालू असताना घेतला होता, आता सॉफ्टआयआरक्यूच्या आत घेतला जातो आहे.

त्यानंतरच्या चौकटी कंसात एचसी, एससी, एचई, एसई अशी चार अक्षरजोड्यांची खूण असते. एचसी आणि एससी म्हणजे आपण हार्ड किंवा सॉफ्ट इंटरप्टच्या आत आहोत का. एचई आणि एसई म्हणजे ते इंटरप्ट त्या क्षणी चालू आहेत का. एससीपुढे १ आणि एसईपुढे ० दिसला की समजायचं, आपण नॅपीच्या पोटात आहोत.

लॉकच्या नावापुढे महिरपी कंसात चार चिन्हं असतात, या नमुन्यात अधिक, टिंब, प्रश्नचिन्ह, टिंब. पहिली दोन हार्ड इंटरप्टची, पुढची दोन सॉफ्टची. प्रत्येक जोडीत आधी लिहिणाऱ्याची बाजू, मग वाचणाऱ्याची. टिंब असेल तर त्या बाजूनं काही धोका नोंदलेला नाही. अधिक म्हणजे तो इंटरप्ट चालू असताना लॉक घेतला गेला. उणे म्हणजे इंटरप्टच्या आत घेतला गेला. प्रश्नचिन्ह म्हणजे दोन्ही घडलं. तिसऱ्या जागी प्रश्नचिन्ह आलं म्हणजे भांडण सॉफ्टआयआरक्यूचं आहे, हे बाकी काही न वाचता कळतं.

बिघाड असा होतो: ईथटूलची प्रोसेस लॉक धरून आहे, तेवढ्यात त्याच सीपीयूवर पॅकेटचा इंटरप्ट येतो, तो संपताना सॉफ्टआयआरक्यू चालतं, नॅपीचा पोल तोच लॉक मागत फिरत राहतो. ज्याच्या हातात लॉक आहे ती प्रोसेस त्या पोलखालीच दबलेली. हा सीपीयू गेला. उपाय प्रोसेसच्या बाजूला करायचा: तिथे ‘स्पिन_लॉक_बीएच’ (लॉक घेताना सॉफ्टआयआरक्यूही बंद ठेवणारा). पोलमध्ये साधा ‘स्पिन_लॉक’ पुरतो, कारण सॉफ्टआयआरक्यूच्या आत दुसरं सॉफ्टआयआरक्यू घुसत नाही. घाबरून सगळीकडे ‘आयआरक्यूसेव्ह’ लावणारे बरेच आहेत. त्यानं वॉर्निंग जाते, पण इंटरप्ट विनाकारण बंद राहतात. ते खरं लागतं फक्त तोच लॉक हार्ड इंटरप्टमध्येही घेतला जात असेल तेव्हा.

फंक्शनच्या नावापुढचे हेक्स आकडे सोर्सच्या ओळींत बदलायला ‘डीकोड_स्टॅकट्रेस’ ही स्क्रिप्ट कर्नेलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात आहे. तिला डीबग माहितीसकटचं व्हीएमलिनक्स लागतं, म्हणून बिल्ड झाल्यावर ते जपून ठेवा.

आरटीएनएल

नेटवर्किंगमधल्या लॉकच्या कटकटींचा मोठा वाटा एकाच म्युटेक्सपाशी (मिळेपर्यंत झोपवणाऱ्या लॉकपाशी) येऊन थांबतो: आरटीएनएल, नेटवर्कच्या मांडणीतले बदल सांभाळणारा लॉक. इंटरफेस वर करणं, पत्ता देणं, बाँड (अनेक कार्डांचा मिळून एक इंटरफेस) बांधणं, ब्रिजमध्ये पोर्ट घालणं, सगळं वर्षानुवर्षं याच्यातून जात आलं आहे. रायबंदरच्या धक्क्यावर स्कूटर असो, कार असो, चोडणला जायचं तर रांग त्या एका फेरीबोटीची; तशीच ही रांग. ती फोडण्याचं काम चालू आहे. ६.१३ पासून प्रत्येक नेमस्पेसच्या स्वतंत्र आरटीएनएलसाठी एक डीबग पर्याय कॉन्फिगमध्ये आला आहे, आणि काही कामं इंटरफेसच्या स्वतःच्या लॉकखाली जात आहेत. ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी त्याचा अर्थ हा की कोणता कॉलबॅक (कर्नेल बोलावतं ते ड्रायव्हरचं फंक्शन) कोणत्या लॉकखाली येतो हे आपल्याच आवृत्तीच्या सोर्समधल्या नेटडिव्हायसेसच्या दस्तऐवजात पाहावं. जुन्या ड्रायव्हरवरून उचलू नये.

सर्वांत जास्त दिसणारा सापळा असा. ड्रायव्हरचं रीसेटचं काम वर्कक्यूत आहे आणि ते सुरुवातीलाच ‘आरटीएनएल_लॉक’ घेतं. इंटरफेस बंद करताना ‘एनडीओ_स्टॉप’ हा कॉलबॅक येतो, तो आधीच आरटीएनएलखाली असतो, आणि त्यात कोणीतरी ‘कॅन्सल_वर्क_सिंक’ लिहिलेलं असतं. काम आरटीएनएलची वाट पाहतं, स्टॉप काम संपायची. बाहेरून दिसणारं लक्षण चकवतं: पिंग चालू राहतो, जुनी एसएसएच जोडणी चालू राहते, कारण पॅकेट वाहायला आरटीएनएल लागत नाही, पण इंटरफेस किंवा पत्ता बदलणारी प्रत्येक कमांड गोठते. १२० सेकंदांनंतर हंग टास्कची ओळ येते.

लॉकडेप वर्कक्यूच्या कामालाही लॉकसारखंच मानतं. रिपोर्टमधल्या साखळीत ‘वर्क_कम्प्लीशन’ आणि कंसात तुमच्या कामाचं नाव दिसतं, दुसऱ्या टोकाला ‘आरटीएनएल_म्युटेक्स’. शून्य क्रमांकाची नोंद म्हणजे आत्ता जे मागितलं ते. एक आणि त्यापुढच्या नोंदी म्हणजे पूर्वी नोंदलेला क्रम. आम्ही आधी एक क्रमांक वाचतो, मग शून्य. रद्द करण्याच्या बाजूची नोंद कर्नेलच्या आवृत्तीप्रमाणे कमीजास्त कडक आहे, म्हणून काम रांगेत असतानाच इंटरफेस बंद करून पाहावं.

दुरुस्ती: काम रद्द करणं ‘एनडीओ_स्टॉप’मधून काढा आणि ड्रायव्हर उतरवताना ‘अनरजिस्टर_नेटडेव्ह’ परतल्यानंतर करा. ते फंक्शन आरटीएनएल स्वतः घेतं, स्वतः सोडतं. कामाच्या आत आरटीएनएल मिळाल्यावर पहिलं ‘नेटइफ_रनिंग’ तपासा. इंटरफेस बंद असेल तर काही न करता परता. ‘आरटीएनएल_ट्रायलॉक’ करून नाही मिळाला तर पुन्हा रांगेत लागणं हा दुसरा मार्ग, पण जपून: ट्रायलॉकनं घेतलेला लॉक आधीच्या लॉकच्या साखळीत जोडला जात नाही, त्यामुळे तिथली चूक लॉकडेपला दिसणं कमी होतं. सिसएफएसच्या (उपकरणांची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या) फाइलींत मात्र ट्रायलॉक आणि ‘रीस्टार्ट_सिसकॉल’ (कॉल पुन्हा पहिल्यापासून करणं) ही वर्षानुवर्षांची रीत आहे. इंटरफेस काढताना आरटीएनएल धरून त्या फाइली काढल्या जातात आणि चालू वाचक बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. वाचकच आरटीएनएलसाठी थांबला तर दोघेही गेले.

याच घरातल्या आणखी दोन चुका. ‘एनडीओ_सेट_आरएक्स_मोड’ पत्त्यांच्या यादीच्या स्पिनलॉकखाली येतो, तिथे झोपता येत नाही. यूएसबी किंवा एसपीआयवरच्या कार्डाला रजिस्टर लिहायला झोपावंच लागतं, म्हणून तिथे फक्त काम रांगेत लावायचं. आणि ‘एनडीओ_गेट_स्टॅट्स६४’मध्ये म्युटेक्स घेऊ नये: प्रॉकमधली (कर्नेलची माहिती दाखवणाऱ्या /proc फोल्डरातली) नेटवर्क उपकरणांची फाइल वाचताना तो आरसीयूच्या आत बोलावला जातो. या दोन्ही डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप पकडतो, तेही लॉक मोकळा असताना.

खोटी तक्रार

लॉकडेप एकेका लॉकवर लक्ष ठेवत नाही, लॉकच्या वर्गावर ठेवतं. कोडमधल्या एकाच ‘स्पिन_लॉक_इनिट’च्या ओळीतून जन्मलेले सगळे लॉक त्याच्या लेखी एक वर्ग. म्हणून व्हीलॅनखाली बाँड, बाँडखाली आणखी काही, अशी इंटरफेसांची उतरंड असली की वरच्याचा लॉक धरून खालच्याचा घेताना ‘पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग’ येऊ शकतं. क्रम खरोखर ठरलेला असेल, वरून खाली, कधीही उलट नाही, तर ‘नेस्टेड’ प्रकारचं फंक्शन वापरून पातळी सांगा किंवा स्वतंत्र वर्ग द्या. एका वर्गात आठच उपवर्ग मिळतात. कर्नेलचे स्वतःचे सॉकेटही असेच वेगळे केलेले असतात: एनएफएस या नेटवर्क फाइलसिस्टिमसाठी सनआरपीसी हा कर्नेलचा भाग आपल्या सॉकेटचा वर्ग बदलतो, नाहीतर युजरच्या सॉकेटशी त्याची गल्लत होऊन भलतीच साखळी तयार होते.

आमचा आग्रह आहे की ‘नेस्टेड’ लिहिण्यापूर्वी क्रम का सुरक्षित आहे हे एका वाक्यात कोडशेजारी लिहावं. ते वाक्य लिहिता येत नसेल तर तक्रार खरी आहे. वॉर्निंग दाबण्यासाठी ‘नोव्हॅलिडेट’ वर्ग लावणं ड्रायव्हरमध्ये तरी आम्हाला मान्य नाही. त्यापेक्षा ‘लॉकडेप_असर्ट_हेल्ड’ आणि ‘असर्ट_आरटीएनएल’ सढळ हातानं वापरा. फंक्शनच्या डोक्यावर ‘लॉक धरून बोलवा’ अशी कॉमेंट कोणी वाचत नाही, असर्ट मात्र प्रत्येक वेळी तपासतो.

कुठे कमी पडतं

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी उणीव: लॉकडेप एकदाच बोलतं. पहिला रिपोर्ट छापला की ते स्वतःला बंद करतं. वायफायच्या ड्रायव्हरनं बूट होतानाच एक तक्रार केली असेल, तर नंतर तुमच्या ड्रायव्हरची चाचणी दिवसभर चालवून उपयोग नाही. चाचणीच्या आधी आणि नंतर प्रॉकमधल्या ‘लॉकडेप_स्टॅट्स’ फाइलच्या शेवटाकडे ‘डीबग_लॉक्स’ १ आहे ना, हे पाहा. शून्य असेल तर त्या चाचणीचा निकाल धरू नका. प्रोप्रायटरी मॉड्यूल चढवलं किंवा आधी ऊप्स (कर्नेलची स्वतःची गंभीर चूक) होऊन गेला, तरी ते असंच बंद होतं. ‘डिसेबलिंग लॉक डीबगिंग’ अशी ओळ लॉगमध्ये शोधा.

जागाही मर्यादित आहे. वर्ग ८१९२, एका प्रोसेसनं एका वेळी धरलेले लॉक ४८. साखळ्यांची जागा संपली तर ‘टू लो’ असं म्हणून ते थांबतं. कॉन्फिगमधला चेन्स बिट्सचा आकडा एकानं वाढवला की जागा दुप्पट होते. हॅश टेबलच्या हजारो लॉकना हातानं, स्थिर पद्धतीनं सुरुवातीची किंमत दिली तर प्रत्येकाचा वेगळा वर्ग होतो आणि जागा तिथेच संपते. लूपमध्ये ‘स्पिन_लॉक_इनिट’ करा.

कम्प्लीशनची वाट पाहणं त्याला दिसत नाही. ती उणीव भरून काढणारा क्रॉसरिलीज हा भाग ४.१४ मध्ये आला होता, पण खोट्या तक्रारी इतक्या झाल्या की ४.१५ मध्ये काढून टाकला. म्हणजे फर्मवेअरच्या उत्तराची आरटीएनएल धरून वाट पाहणं, आणि ते उत्तर हाताळणाऱ्या वाटेत पुन्हा आरटीएनएल मागणं, ही चूक हातानंच शोधावी लागते.

लॉक घ्यायचाच राहिला, तर तेही लॉकडेप सांगत नाही. सॉकेटचं उदाहरण घ्या: सॉकेटचा लॉक म्हणजे एक स्पिनलॉक आणि ‘मालक आहे’ अशी एक खूण. सॉफ्टआयआरक्यूमध्ये ‘बीएच_लॉक_सॉक’ घेतला, पण ‘सॉक_ओन्ड_बाय_युजर’ तपासलं नाही आणि बॅकलॉगला (मागाहून हाताळायच्या रांगेला) न लावता थेट सॉकेटमध्ये बदल केला, तर लॉकच्या हिशेबात सगळं ठीक दिसतं आणि डेटा मात्र बिघडतो. इथे केसीसॅन (एकाच डेटावर एकाच वेळी होणारे असुरक्षित बदल पकडणारा तपासनीस) लागतो, तो ५.८ पासून कर्नेलमध्ये आहे, आणि केएसॅनबरोबर एकाच बिल्डमध्ये बसत नाही. दोन कर्नेल ठेवा.

मशीन अडकलंच तर

सीरियलवरून सिसआरक्यूचा (कर्नेलला थेट हुकूम देण्याच्या सोयीचा) ‘डी’ द्या: कोणती प्रोसेस कोणते लॉक धरून आहे याची यादी मिळते. ‘डब्ल्यू’नं झोपून अडकलेल्या प्रोसेस, ‘एल’नं चालू सीपीयूंचे स्टॅक. ‘डी’ला लॉकडेप चालू असावं लागतं. ते नसेल तर ड्रगन (drgn) हा डीबगर घ्या आणि आरटीएनएल म्युटेक्समधला ‘ओनर’ वाचा. त्या आकड्याचे खालचे तीन बिट खुणांचे असतात, ते शून्य केले की उरतो तो मालक प्रोसेसचा पत्ता. तिचा स्टॅक पाहिला की बहुतेक वेळा शोध तिथेच संपतो. क्यूईएमयूमध्ये जीडीबी हा डीबगर जोडूनही हेच करता येतं.

डेडलॉक नसून नुसता उशीर होत असेल, तर लॉकडेप हे त्याचं साधन नाही. ‘लॉक_स्टॅट’ थांबण्याचे आणि धरण्याचे काळ मायक्रोसेकंदांत देतो, पण त्याच्या स्वतःच्या भारानं आकडे फुगतात. चालू उपकरणावर ‘पर्फ लॉक कन्टेन्शन’ बरं: ते ५.१९ मध्ये आलेल्या ट्रेसपॉइंटवर चालतं, त्याला डीबग कर्नेल लागत नाही. त्यात आरटीएनएल वर दिसला तर धरणाऱ्याच्या स्टॅकमध्ये ‘सिंक्रोनाइझ_नेट’ (आरसीयूचे चालू वाचक संपेपर्यंत थांबणारं फंक्शन) किंवा फर्मवेअरची वाट पाहणारं फंक्शन आहे का, ते आधी पाहा. सिंक्रोनाइझ_नेट आरटीएनएलखाली असल्याचं ओळखून घाईचा आरसीयू मार्ग धरतो, तरी प्रत्येक क्यूसाठी लूपमध्ये तो बोलावला असेल तर क्यूंच्या संख्येइतका वेळ जातो. तो लूपबाहेर एकदाच काढा: आधी सगळ्या क्यू बंद, मग एक थांबा, मग सगळी मेमरी मोकळी.